कशासारखं ते सांग

"धाकट्या जावेनं काल ताक केलं," आई म्हणाली. "भारी घाईची बाई. रवी सारखी गाडग्याला लागत हुती."

आप्पा इंजिनाजवळ उकिडवे बसले होते. डिसमिसचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलेलं, मूठ कानाशी. त्यांनी मान वर करून आईकडं बघितलं.

"कडंला का बुडाला?"

"बुडाला. जड लागत हुती."

आप्पांनी डिझेल बंद केलं. चाक हळूहळू थांबलं. मग हात पुसत ते सिद्राम अण्णांना म्हणाले, "मोठं बेअरिंग गेलंय. ठेवून जावा. परवा न्या."

"मिस्त्री," सिद्राम अण्णा म्हणाले, "हितं माझं इंजिन मरालंय आन् तुमचं दोघांचं ताकाचं काय चाललंय?"

"प्याला का वाटीभर?" आईनं विचारलं, आणि बसलेली दोन-तीन माणसं हसली.

मी मागच्या दारात पुस्तक घेऊन बसले होते. मला हसू आलं नाही. सोलापूरच्या वसतिगृहातून दहावीची परीक्षा देऊन मी आठवड्यापूर्वीच घरी आले होते, आणि आल्यापासून रोज हेच बघत होते. आप्पांच्या दुकानात चार गावांची पुरुषमाणसं बसलेली असायची आणि आई दाराशी सूप घेऊन, त्यांच्या बोलण्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी घुसडत. कुणाची आमटी उतू गेली, कुणाच्या भाकरीला चीर पडली. आप्पा तिला गप्प बसवायचे तर नाहीतच, वर प्रश्न विचारायचे. मला दोघांचीही लाज वाटायची. एकदा मी आईला म्हणाले होते, "घरात बसून निवड की ज्वारी." ती म्हणाली, "हितं उजेड बरा हाय."

आमचं गाव भीमेच्या काठी. नदीच्या पलीकडं कर्नाटक, आणि आईचं माहेर तिकडं. त्या वर्षांत नदीकाठी डिझेल इंजिनं ओळीनं चालायची, आणि ती बंद पडली की बैलगाडीत घालून आमच्या दारी यायची. नागनाथ मिस्त्री इंजिन उघडायच्या आधी दुखणं सांगतो अशी आप्पांची ख्याती होती. त्या उन्हाळ्यात इंजिनाच्या कंपनीनं ठरवलं की प्रत्येक तालुक्यात एकच अधिकृत मिस्त्री नेमायचा. त्याला पाटी मिळणार, सुटे भाग त्याच्याकडंच येणार. परीक्षा तालुक्याच्या विक्रेत्याच्या, दोशी शेठच्या शेडात, गुरुवारी सकाळी. तीन इंजिनं चालू करून दाखवणार, हात न लावता, फार तर डिसमिस टेकवून, नुसतं ऐकून दोष सांगायचा. ज्याला पाटी मिळणार नाही त्याच्याकडं सुटे भाग येणार नाहीत, आणि सुटे भाग नसलेल्या मिस्त्र्याकडं इंजिन कोण आणणार, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. एरवी पाना-पकड देणारा हाताखालचा एक माणूस सोबत आणायची मुभा होती. आप्पांबरोबर आई जाणार होती. मला ते विचित्र वाटलं होतं, पण मी विचारलं नाही.

मंगळवारी मागच्या पायरीवरून आई घसरली. बुधवारपर्यंत घोटा भोपळ्याएवढा सुजला. एसटीत चढणं सोडाच, तिला उभं राहता येईना.

त्या दुपारी तिनं मला ओट्यावर बोलावलं.

"उद्या तू जा आप्पांबरोबर."

"मी? मला पान्यातलं काय कळतंय?"

"पान्याचं काम न्हाई." तिनं अंगणाकडं बघितलं. आप्पा आमच्याकडं पाठ करून, चार हात लांब बसून कानस चालवत होते. आईनं हात वर करून बांगड्या वाजवल्या. मग परत, जोरात. मी दचकले. आप्पांची कानस तशीच चालत राहिली.

"बारीक गेलंय त्यांचं," आई म्हणाली. "सात वर्सं झाली. ढग गरजला, ट्रक गेला, कळतं. माणूस तोंडापुढं बोललं तर ओठ बघून कळतं. इंजिनाच्या पोटातलं बारीक काय कळत न्हाई."

"पण ते डिसमिस कानाला लावतात..."

"लावत्यात. लोकं बघत्यात म्हणून लावत्यात."

मी आप्पांच्या पाठीकडं बघत राहिले. सात वर्षांपैकी चार मी सोलापुरात काढली होती. सुट्टीत येऊन चूल, नदी आणि पुस्तकं एवढंच केलं होतं. तरीही घरातल्या माणसाला हे कळू नये, याचं मला नवल वाटलं. आईला वाटलं नाही. ती म्हणाली, "कळू दिलं न्हाई म्हणून कळलं न्हाई. आता ऐक. नदीवरनं आवाज येतोय का? वरच्या अंगाचं इंजिन कुठलं? काय म्हणतंय?"

मी कान दिला. नदीवर चार-पाच इंजिनं चालू होती.

"टक टक टक... असा कर्णकटू आवाज येतोय."

"मधीच कर्णाचं काय काढलंस?"

"म्हणजे कर्कश."

"कर्कश म्हंजे कशासारखं?"

मी वर्गात निबंधात पहिली यायची. खळखळ, झुळझुळ, कडकडाट हे सगळं मला लिहिता यायचं. पण आईला ते नको होतं.

"टकटक सगळंच करतंय," ती म्हणाली. "दार टकटक करतंय, घड्याळ टकटक करतंय. आप्पांनी तुझ्या तोंडावर टकटक वाचलं तर काय उघडायचं, दार का घड्याळ? कशासारखं ते सांग."

मग तिनं मला त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षाचं सांगितलं. आमटी उकळली की आप्पा म्हणायचे रटरट करतीया. आईला ते हसू यायचं, कारण तिच्या माहेरी, कानडीत, आमटी कोतकोत करायची. पावसाचं, जात्याचं, मांजराचं, सगळ्याचं असंच. ती एक म्हणायची, ते दुसरं म्हणायचे, आणि दोघांनाही आपलंच खरं ऐकू यायचं. एकदा आमटी कशी उकळते यावरून दोघं दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी त्यांनी आवाजाला शब्द देणंच सोडलं आणि वस्तू दाखवायला सुरुवात केली. ह्याच्यासारखं, त्याच्यासारखं. "तवा गंमत हुती," आई म्हणाली. "पुढं कामाला आली."

संध्याकाळपर्यंत ती मला शिकवत राहिली. परातीला बांगडी लागते तसं वाजलं तर टॅपेट. कढईत पाण्याचे थेंब पडल्यासारखं तडतडलं तर डिझेलात पाणी. भाकरी थापल्यासारखं, तर सिलेंडरात पिस्टन सैल झालाय. मी वहीत लिहायला लागले तर तिनं वही बाजूला केली. "उद्या वही बघून सांगशील का? भाकरी कर आज तू. थापताना ऐक."

मी भाकरी केल्या. वाईट झाल्या. आप्पांनी त्या निमूट खाल्ल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सांगितलं का तुला हिनं?"

"होय."

"बरं." एवढंच. मग थोड्या वेळानं, "सकाळी सहाची गाडी हाय."

एसटीत आप्पा खिडकीशी बसले आणि मी त्यांच्याशेजारी. मला काहीतरी बोलायचं होतं, पण बोलायचं तर ओठ दिसतील असं त्यांच्याकडं वळून बसावं लागणार, आणि तसं वळल्यावर काय बोलायचं ते सुचेना. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. निघताना आईनं त्यांना नवी टोपी घातली होती.

शेडात तेल आणि नव्या रंगाचा वास होता. दोशी शेठ खुर्चीवर आणि कंपनीचे साहेब टेबलाशी उभे. त्यांचं नाव नंबियार. मूळचे केरळचे, पुण्यातून आलेले, हिंदी बोलणारे. सावळे, बारीक, बोलायला अगदी सावकाश.

"मिस्त्री, हेल्पर कुठंय?" दोशी शेठनं विचारलं.

"मुलगी आणलीय."

"पोरगी पाना देणार? बरं, बरं. आता शिकवून इंजिनियर करताय काय?"

"बघू," आप्पा म्हणाले. शेठचे ओठ मिशीखाली झाकलेले होते; आप्पांना त्यातलं किती कळलं असेल देव जाणे. पण 'बघू' हे बहुतेक प्रश्नांना चालतं हे मी त्या दिवशी शिकले.

शेठच्या माणसानं हँडल मारून पहिलं इंजिन चालू केलं. शेड भरून गेलं. आप्पा डिसमिस घेऊन वाकले, मूठ कानाला लावली, आणि माझ्याकडं बघितलं.

मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. नुसता एक प्रचंड आवाज होता. आप्पा थांबले होते. त्यांच्या डोळ्यांत घाई नव्हती. मग मला आठवलं, आई म्हणाली होती, मोठ्याला जाऊ दे, त्याच्या मागं कोण बसलंय ते बघ. मी मोठ्याला जाऊ दिलं. त्याच्या मागं, वरच्या बाजूला, बारीक काहीतरी लागत होतं. सारखं, एका लयीत.

"आई परातीत कणीक मळतीया," मी म्हणाले. "बांगडी लागतीया."

"एकच बांगडी?"

"एकच."

आप्पा उठले. "टॅपेट. एकाच व्हॉल्व्हचं. फट वाढलीय."

साहेबांनी कागदावर खूण केली. ती बरोबरची होती हे मला लांबूनही दिसलं.

दुसरं इंजिन गार होतं. चालू झाल्या झाल्या मला आवाज कळला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"भाकरी थापतंय."

"कुणाची? तुझ्या आईची का काकूची?"

हे आईनं शिकवलं नव्हतं. मी ऐकत राहिले. आई थापते ती सावकाश, जड हातानं, मधे भाकरी फिरवते तेवढं थांबून. काकू उभ्या घाईत, पोकळ हातानं थापते. शिवाय आता इंजिन तापत होतं तसं थापणं मऊ होत चाललं होतं.

"काकूची. पण पीठ भिजत चाललंय. कमी व्हाया लागलंय."

"पिस्टन," आप्पा साहेबांना म्हणाले. "लायनर झिजलाय. तापलं की आवाज मरतोय, पण झिजलाय."

नंबियार साहेबांनी दुसरी खूण केली. पण या वेळी ते कागदाकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते. तिसरं इंजिन चालू करायला माणूस वाकला तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"बेटी, तुम उधर दरवाज़े के पास खड़ी रहो. बाबा के पीछे."

मी गेले. आप्पांनी मला जाताना बघितलं. मग ते इंजिनाकडं वळले. चाक फिरायला लागलं. आप्पा वाकले, मूठ कानाला लावली, इंजिनाभोवती एक फेरी मारली. हात लावायची मनाई होती, पण त्यांनी जमिनीवर तळहात टेकवला. पुन्हा वाकले. दारातून मला फक्त त्यांची पाठ आणि नवी टोपी दिसत होती.

साहेब माझ्याकडं आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "तुम बाबा को क्या बोलती हो?"

"काही नाही. घरचं बोलते."

"घर का? रोटी का?"

"होय."

"क्यों?"

मला खोटं बोलता येत होतं. वसतिगृहात मी पुष्कळ खोटं बोलत असे, रात्री कंदील का जळत होता, पुस्तक कुणाचं आहे. आप्पांना चक्कर येते म्हणून मी जवळ उभी राहते, असं एक खोटं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आप्पा वळले. साहेब आणि मी बोलतोय हे त्यांनी बघितलं. ते आमच्याकडं चालत आले आणि शेठच्या माणसाला हातानं इंजिन बंद करायची खूण केली.

"साहेब, तिला विचारू नका," ते म्हणाले. "मी सांगतो. मला बारीक ऐकू येत न्हाई. ऐकायचं काम आमच्यात माझी बायको करती. मी दुरुस्त करतो. आज तिचा पाय सुजलाय म्हणून हिला आणली."

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. शेतात नांगर मी धरतो आणि पेरते ती, असं कुणी सांगावं तसं.

दोशी शेठ खुर्चीतून उठले. "अहो मिस्त्री! मग इतकी वर्षं आमच्या इंजिनांना कान लावून काय ऐकत होता?"

आप्पांनी शेठच्या मिशीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी ते शब्द आवाज न करता, नुसत्या ओठांनी त्यांना पुन्हा सांगितले.

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "मूठ गार लागायची कानाला. बरं वाटायचं."

नंबियार साहेब हसले. खूप वेळ, आवाज न करता, खांदे हलवत. मग म्हणाले, "ठीक है. तीसरा दोनों मिलके बताओ. मुझे भी सुनना है."

इंजिन पुन्हा चालू झालं. मी आप्पांसमोर उभी राहिले. हा आवाज आईनं शिकवलेल्यांत नव्हता. काहीतरी घासत होतं. थोडा वेळ घासायचं, मग थांबायचं, मग पुन्हा.

"जात्यासारखं," मी म्हणाले. लगेच म्हणाले, "न्हाई. जातं थांबत न्हाई."

आप्पा वाट बघत राहिले.

"जुन्या पुस्तकाची चिकटलेली पानं सोडवताना होतं तसं."

आप्पांनी नकाराची मान हलवली. त्यांनी कधी पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. मी वसतिगृहातली लोखंडी खाट फरशीवर ओढल्याचं सांगितलं, फळ्यावर खडू ओढल्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे. माझ्याकडं चार वर्षांचे आवाज साठले होते आणि त्यातला एकही त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"मैं बोलूँ?" नंबियार साहेब म्हणाले. "मुझे तो नारियल खुरचने जैसा लगता है. मेरी माँ सुबह यही आवाज़ करती थी."

मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "साहेब, आमच्यात नारळ देवापुढं फुटतोय तेवढाच. खवतंय कोण?"

दोशी शेठनं घड्याळ बघितलं.

"ओलं घासतंय का कोरडं?" आप्पांनी मला विचारलं.

"कोरडं. लोखंडावर लोखंड. पण पातळ."

"थांबतंय कवा?"

मी ऐकलं. शेठचा माणूस पट्टा चढवून पंपाचा भार देत होता, काढत होता. भार आला की घासणं थांबत होतं. सुटला की परत. चढाला थांबतं, उताराला सुरू होतं. आणि मग ते मला ऐकू आलं. नुसतं इंजिनात नाही, माझ्या पायाखाली, नळीवर आडवं बसलेलं असताना.

"आप्पा, आपली सायकल," मी म्हणाले. "मला बालवाडीत सोडायला यायचा तेव्हा. साखळी जाळीला घासायची. मारुतीच्या देवळापासनं चढ लागला की तुम्ही जोर लावायचा, घासायचं थांबायचं. वर पोचलं की परत."

आप्पा माझ्या ओठांकडं बघत राहिले. ती सायकल विकून दहा वर्षं झाली होती. तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी न बघितलेल्या रीतीनं सैल झाला, आणि ते हसले. मला वाटतं ते त्या क्षणी ती साखळी खरोखर ऐकत होते.

"चढाला थांबायची," ते म्हणाले. "होय. जोर एका अंगाला यायचा." मग साहेबांकडं वळून, "क्रँकची आडवी चाल वाढलीय. वायसर झिजलंय. भार नसला की सरकतंय आन् घासतंय."

तिसरी खूणही बरोबरची झाली. तरी पाटी आप्पांना मिळाली नाही. अर्जात ऐकू येणं शाबूत आहे असं लिहून द्यायचं होतं, आणि नंबियार साहेब म्हणाले, खोटं लिहिता येणार नाही, आणि खरं लिहिलं तर वरचे लोक फाडून टाकतील. शेडाच्या दारापर्यंत ते आम्हाला सोडायला आले. आप्पांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मला म्हणाले, "माँ को बोलो, पैर जल्दी ठीक करे."

परतीच्या गाडीत मी आप्पांकडं वळून बसले. "मी खोटं बोलले असते," मी म्हणाले. "सुचलं होतं."

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. "म्हणून तर आलो मधी."

आईनं सगळं ऐकून घेतलं, आवाजांसकट. तिसऱ्या इंजिनाशी आल्यावर ती म्हणाली, "सायकलचं मला काय ठाऊक? मी कवा बसले तिच्यावर?" मग म्हणाली, "आता कोण आणंल इंजिन?"

महिनाभर कुणी आणलं नाही. बहिरा मिस्त्री म्हणून चार गावांत झालं. आप्पा रोज दुकान उघडून अवजारं पुसून ठेवत. मृग लागायच्या आत सिद्राम अण्णा गाडी घेऊन आले. पाटीवाल्यानं त्यांचं इंजिन दोनदा उघडून बंद केलं होतं. त्यांनी आप्पांना रामराम केला, इंजिन उतरवलं, आणि दाराशी जाऊन म्हणाले, "वैनी, बाहेर या. ताकाचं बोला." आई सूप खाली ठेवून बाहेर आली. दुकानात तिच्यासाठी स्टूल आलं ते त्या दिवशी. पुढं सुटे भागही सोलापुरातनं येऊ लागले. वीज येऊन मोटारी बसेपर्यंत दुकान चाललं. मोटारीला फारसं काही बोलायचं नसतं.

आई या श्रावणात गेली. सोलापूरच्या दवाखान्यात, दुपारी तीनला. आप्पा आता ब्याऐंशीचे आहेत आणि ढग गरजलेलाही त्यांना कळत नाही. ते खाटेच्या पायथ्याशी तिच्या पावलांवर हात ठेवून बसले होते, मी उशाशी. सगळं झाल्यावर, लोक यायच्या आधी, त्यांनी मला खिडकीशी उजेडात उभं केलं.

"पमे, शेवटाला श्वास कसा वाजत हुता तिचा?"

मी त्यांच्याकडं बघितलं. तो आवाज कशासारखा होता ते मला नेमकं माहीत होतं. तशी वस्तू आमच्या दुकानातच होती, आणि मी तिचं नाव घेतलं असतं तर तिचा शेवट कसा गेला ते त्यांना आपोआप कळलं असतं.

"पीठ चाळत आणलं की चाळणी हलकी हलकी होत जाती," मी म्हणाले. "तसं. शेवटी नुसती चाळणी."

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग सुस्कारा सोडला.

"मग त्रास झाला न्हाई तिला," ते म्हणाले.

दहा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. पलीकडनं आलेल्या मामाला, सिद्राम अण्णांच्या मुलाला, शेजारच्या बायकांना. हात पुढं धरून, चाळणी हलवावी तसे सावकाश हलवत. प्रत्येक वेळी मी तिथं होते. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर मी एकटी ओट्यावर येऊन बसले आणि तो आवाज, जसा होता तसा, आठवून बघितला. मला चाळणीच ऐकू आली.